गॅस गीझर पेटत नाही? आधी कान द्या, मग पाना घ्या

थंडीत सकाळी नळ सोडला आणि बादलीत गारच पाणी पडत राहिलं, की बहुतेकांचा पहिला हात सिलिंडरकडे जातो. सिलिंडर हलवून बघायचा, रेग्युलेटर काढून पुन्हा बसवायचा, नळी चाचपायची. दोष मात्र बरेचदा तिथे नसतोच. तो गीझरच्या तळाशी असलेल्या सेलमध्ये असतो, पाण्याच्या दाबात असतो, नाहीतर पोटातल्या एका रबरी चकतीत असतो. म्हणून काही उघडायच्या आधी गीझर कसा पेटतो ते समजून घ्या. त्यात पाच मिनिटं गेली तरी पुढचा अर्धा दिवस वाचतो.

इथे जे सांगितलं आहे ते घरगुती एलपीजीवर चालणाऱ्या, मिनिटाला साधारण ५.५ ते ७ लिटर पाणी तापवणाऱ्या, सेलवर ठिणगी पाडणाऱ्या नेहमीच्या गीझरबद्दल आहे.

पेटवतं ते पाणी

या गीझरचं खरं बटण म्हणजे तुमचा नळ. नळ सोडला की गार पाणी तळाशी असलेल्या पितळी किंवा प्लास्टिकच्या पाण्याच्या भागातून वाहू लागतं. त्या भागात आडवा एक रबरी पडदा असतो. दुकानात त्याला डायाफ्रामच म्हणतात. पाणी वाहू लागलं की पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, पडदा सरकतो आणि त्याला टेकलेली एक बारीक पिन पुढे ढकलली जाते. ही पिन दोन कामं करते: गॅसची वाट मोकळी करते आणि एका छोट्या मायक्रो स्विचची पट्टी सोडते. स्विच सुटला की सेलची वीज सर्किटच्या डबीला मिळते. डबी बर्नरजवळच्या एका कांडीच्या टोकावरून ठिणग्या पाडायला लागते, तीच ती टिक-टिक-टिक. त्याच वेळी ती सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर चालणारी गॅसची झडप, उघडते, त्याचा एकदाच ‘टक’ असा जाड आवाज येतो. गॅस बर्नरवर येतो आणि ठिणगीने पेटतो. ज्योतीत उभी असलेली दुसरी कांडी ‘ज्योत आहे’ हे डबीला कळवते आणि ठिणग्या थांबतात. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर डबी सोलेनॉइड बंद करून गॅस तोडते. मग नळ बंद करून पुन्हा सोडल्याशिवाय गीझर प्रयत्न करत नाही.

या साखळीतली कोणती कडी तुटली आहे, हे आवाजावरून कळतं. टिक-टिक येतच नाही, टिक-टिक येते पण पेटत नाही, पेटतो पण विझतो, या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. मेकॅनिकला फोन करतानासुद्धा ‘गीझर बंद पडलाय’ म्हणू नका, यांपैकी काय होतंय ते सांगा. तो येतानाच नेमका भाग घेऊन येईल.

हात लावण्याआधी

गॅसचा वास येत असेल तर दुरुस्ती तिथेच थांबवा. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका. चालू असलेला दिवा बंदही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडं हवं. गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक चालतो. गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसाने शोधतात. काडी ओढून कधीही बघू नका.

दुसरी गोष्ट गीझरच्या जागेची. साध्या गॅस गीझरला धूर बाहेर नेणारी चिमणी नसते. तो ताशी साधारण १ किलो गॅस जाळतो, आणि १ किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. आता ५ फूट बाय ८ फुटांचं, ८ फूट उंचीचं न्हाणीघर घ्या. त्यात हवा मावते जेमतेम ९ घनमीटर. दार-खिडकी लावून पाव तास गीझर चालवला, तर त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचा प्राणवायू त्याने ओढलेला असतो. मग ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि आत कडी लावलेला माणूस हाक मारायच्या आत खाली पडतो. गॅस गीझरमुळे न्हाणीघरात माणसं जातात ती अशी.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा हवेशीर जागी हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यायला हवा. ड्राय बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून ती बंद केली असेल, तर तीही बंद खोलीच झाली हे लक्षात ठेवा. सध्या गीझर आतच असेल, तर तो हलवेपर्यंत दार सताड उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. दुरुस्ती करतानाही हाच नियम. बंद न्हाणीघरात उभं राहून दहा-दहा वेळा नळ सोडून बघू नका. दर प्रयत्नाला थोडा न जळलेला गॅस बाहेर पडतो.

टिक-टिक येतच नाही

सुरुवात सेलपासून करा. बहुतेक गीझरना मोठे, टॉर्चमध्ये घालतात तसे डी आकाराचे दोन सेल लागतात. दोन्ही मिळून ३ व्होल्ट. तळाशी सेलची एक डबी असते. तिचं झाकण दाबून किंवा फिरवून उघडतं.

सेल काढल्यावर डबीतली स्प्रिंग आणि पत्रा नीट बघा. गीझरचं पाणी ठिबकून किंवा न्हाणीघरातल्या वाफेने तिथे पांढरट-हिरवट थर बसलेला असतो. नवे सेल घालूनही गीझर मुका राहतो, त्यामागे अनेकदा हा थर असतो. जुन्या टूथब्रशवर थोडं व्हिनेगर घेऊन घासा, कोरड्या फडक्याने पुसा, गरज पडली तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. स्प्रिंग गंजून तुटायला आली असेल तर सेलची डबीच बदला, ती स्वस्तात मिळते. सेल घालताना अधिक-उणे खुणा बघा, आणि दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे घाला. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावली की जुना सेल नव्याला खाली ओढतो. रिचार्जचे सेल इथे नकोत. त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्टच असतो, जोडीचे २.४ व्होल्ट होतात आणि ठिणगी अशक्त पडते. मल्टिमीटर असेल तर मोजा: एखादा सेल १.३ व्होल्टच्या खाली आला असेल तर तो बदलण्याच्या लायकीचा झाला.

नवे सेल घालून, डबी साफ करूनही शांतताच असेल, तर पाण्याकडे वळा. इथे नवखी माणसं सगळ्यात जास्त फसतात. नळाला पाणी येतंय ना, मग झालं, असं वाटतं. पण पडदा सरकायला पाणी पुरेशा जोराने वाहावं लागतं. एक लिटरची रिकामी बाटली घ्या आणि गरम पाण्याच्या नळाखाली धरा. ती २० सेकंदांच्या आत भरली पाहिजे. म्हणजे मिनिटाला ३ लिटर. त्याहून जास्त वेळ लागला, तर गीझर पेटणार नाही किंवा कधी पेटेल, कधी नाही, असा खेळ चालू राहील.

धार बारीक असेल तर कारणं या क्रमाने तपासा:

१. शॉवर. हातात धरायच्या शॉवरची जाळी क्षारांनी बुजते. शॉवर काढून नुसत्या पाइपाने बघा. गीझर लगेच पेटला, तर शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

२. गीझरखालचा कॉक. प्लंबरने काम केल्यावर तो अर्धाच उघडा राहतो.

३. येणाऱ्या पाण्याची जाळी. गार पाण्याची नळी जिथे गीझरला जोडलेली असते, तिथे बोटाच्या पेराएवढी एक गाळणी असते. कॉक बंद करा, नळीचा नट सोडवा, खाली बादली ठेवा आणि गाळणी चिमट्याने ओढून काढा. टाकी धुतल्यानंतर किंवा बोअरचं पाणी सुरू झाल्यानंतर तिच्यात वाळू, गंजाचे कण, कधी टेफ्लॉन टेपचे तुकडे अडकलेले सापडतात. नळाखाली उलटी धरून धुवा आणि परत बसवा. गाळणी काढून टाकून गीझर चालवू नका, नाहीतर तोच कचरा थेट पडद्यावर जाऊन बसतो.

४. मिक्सर. गरम आणि गार पाणी एकाच नळात मिसळत असाल, तर गार पाण्याचा दाब गरम पाण्याला मागे रेटतो. गीझरमधून जाणारं पाणी कमी होतं आणि पिन मागे येते. आधी फक्त गरम पाणी पूर्ण सोडा, गीझर पेटू द्या, पाणी कोमट करायचं ते गीझरच्या खुंट्यांनी करा.

५. टाकीची उंची. हे कारण सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांना छळतं. गीझरच्या पाटीवर किमान पाण्याचा दाब लिहिलेला असतो. समजा तो ०.०२५ मेगापास्कल आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ०.१ मेगापास्कल होतो, म्हणजे टाकीचा तळ गीझरपेक्षा किमान २.५ मीटर वर हवा. आता वरच्या मजल्यावरचा हिशोब करा. गीझर जमिनीपासून १.४ मीटरवर आहे, गच्ची ३ मीटरवर, टाकीचा चौथरा १ मीटरचा. उंची मिळाली २.६ मीटर. कागदावर जमलं, पण पाइपाच्या वळणांत आणि कॉकमध्ये थोडा दाब जातोच. म्हणून टाकी भरलेली असताना गीझर पेटतो आणि दुपारी टाकी अर्धी झाली की पेटत नाही. अशा घरात गीझर कितीही वेळा दुरुस्त केला तरी तक्रार जाणार नाही. त्या लायनीला छोटा प्रेशर पंप लावावा लागतो किंवा टाकीचा चौथरा उंच करावा लागतो.

धार जोरात आहे, सेल नवे आहेत, तरीही आवाज नाही, तर दोष पडद्यात, पिनेत किंवा मायक्रो स्विचमध्ये आहे. तो वेगळा करायला एक सोपी चाचणी आहे. रेग्युलेटर बंद करा. ही पायरी सोडून पुढे जाऊ नका. पाणीही बंद ठेवा. पुढच्या खुंट्या सरळ बाहेर ओढल्या की निघतात. मग स्क्रू काढून पत्र्याचं कव्हर उतरवा. पाणी आणि गॅसचे भाग जिथे जुळतात तिथे दोन बारीक तारा जोडलेला, नखाएवढ्या पट्टीचा काळा स्विच दिसेल. पिन जशी पट्टी हलवते तशी ती बोटाने हलवा. टिक-टिक सुरू झाली, तर सेल, तारा, सर्किटची डबी, स्विच सगळं ठीक आहे आणि दोष पाण्याच्या भागात आहे. सुरू झाली नाही, तर स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना टेकवा. आता टिक-टिक आली तर स्विच गेला. तरीही शांतता असेल तर तारांची टोकं घट्ट आहेत का ते बघा, आणि शेवटी सर्किटच्या डबीवर संशय घ्या. ही चाचणी गॅस चालू ठेवून कधीही करायची नाही. पाणी नसताना बर्नर पेटला तर पाणी तापवणारं तांब्याचं कॉइल कोरडं तापतं आणि जळतं.

पडदा कसा बदलायचा

बोअरचं जड पाणी असेल तर पडदा काही वर्षांत कडक होतो, त्यावर खरखरीत पांढरा थर चढतो, आणि शेवटी कडेला चीर जाते. पिनेच्या तोंडातून पाण्याचे थेंब गळताना दिसले तर पिनेभोवतीचं रबरी कडं झिजलं आहे. बहुधा पडदाही गेलेला असतो. दोन्ही एकत्रच बदलावेत.

रेग्युलेटर बंद, पाण्याचा कॉक बंद, सेल बाहेर. नळ सोडून आतलं पाणी जाऊ द्या. पाण्याचा भाग गॅसच्या भागाला दोन-तीन स्क्रूंनी जोडलेला असतो. तेवढेच स्क्रू सोडवायचे. गॅसच्या बाजूच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. तिथून पुढे जावं लागतंय असं वाटलं तर थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

पाण्याच्या भागाच्या दोन वाट्या कडेच्या स्क्रूंनी आवळलेल्या असतात. त्या उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि कडेवर पेनने एक रेघ मारा, म्हणजे वाट्या उलट बसणार नाहीत. आत पडदा आणि त्यावर एक बशी दिसेल. बशीची कोणती बाजू पिनेकडे आहे ते लक्षात ठेवा. पडद्याच्या कडेला बरेचदा एक छोटं भोक असतं. ते वाटीतल्या तशाच भोकावर बसावं लागतं, कारण दाब पलीकडे पोचवणारी वाट तीच असते. पडदा नवा, पण भोक चुकलं, तर गीझर जन्मात पेटणार नाही, आणि दोष नव्या पडद्याला दिला जाईल. जुना पडदा दुकानात नेऊन त्याच्यावर नवा ठेवून बघा: बाहेरचा व्यास, भोकाची जागा, जाडी, तिन्ही जुळलं पाहिजे. ‘चालेल, थोडा मोठा आहे’ असं म्हणून दिलेला घेऊ नका.

वाटीतला क्षार व्हिनेगरने काढा. पेचकसाने खरवडू नका, पितळेवर ओरखडा गेला की तिथून पाणी झिरपतं. पिन बोटाने ढकलून सोडा; ती अडखळता कामा नये, स्प्रिंगसारखी परत आली पाहिजे. पिनेच्या रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. गाडीचं ग्रीस किंवा खोबरेल तेल लावू नका, त्याने रबर फुगतं. वाट्या जुळवल्यावर स्क्रू समोरासमोर, थोडे-थोडे आवळत जा. एकच बाजू आधी घट्ट केली तर पडदा वळतो.

जोडून झालं की लगेच गॅस सुरू करू नका. आधी सेल घालून फक्त पाणी सोडा. कुठे गळत नाही ना बघा, टिक-टिक ऐका, पाणी बंद केल्यावर ती तत्काळ थांबते का बघा. थांबत नसेल तर पिन अडकते आहे; पुन्हा उघडा. हे सगळं पार पडलं की मग रेग्युलेटर, आणि जोडांवर साबणाचा फेस.

टिक-टिक येते, पण पेटत नाही

कालच सिलिंडर बदलला असेल तर घाबरू नका. नळीत हवा भरलेली असते, आणि गॅस बर्नरपर्यंत पोचायच्या आत सर्किटच्या डबीची वेळ संपते. खिडकी उघडी ठेवून नळ सोडा, टिक-टिक थांबली की बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सोडा. तीन-चार वेळांत पेटायला हवा. मधला अर्धा मिनिट गाळू नका. साचलेला गॅस त्या वेळात विरून जातो, नाहीतर एकदम पेटून भडका होतो.

सिलिंडर जुना असेल तर ‘शेगडी तर पेटतेय’ हा पुरावा धरू नका. शेगडीच्या मोठ्या बर्नरपेक्षा गीझर पाच-सहा पट वेगाने गॅस ओढतो. सिलिंडर संपत आला की शेगडीपुरता दाब असतो, गीझरपुरता नसतो. थंडीत हे आणखी जाणवतं. एलपीजीत प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. प्रोपेन लवकर उडून जातो आणि शेवटी ब्यूटेनच जास्त उरतो. पहाटेच्या गारठ्यात तो हळूहळूच वायू होतो, आणि बाल्कनीत ठेवलेल्या सिलिंडरचा दाब पडतो. दुपारी पेटणारा गीझर पहाटे पेटत नसेल तर भरलेला सिलिंडर लावून बघा. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं, त्याला आडवा करणं हे प्रकार जीवघेणे आहेत.

रेग्युलेटरही बघा. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलीबार दाबाने गॅस सोडतो आणि गीझर त्याच दाबासाठी बनलेला असतो. दाब वाढवायला हॉटेलच्या भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर लावणं हा थेट आगीला दिलेला न्योता आहे. रबरी नळीला टी लावून शेगडी आणि गीझर एकत्र जोडले असतील तर तेही काढा. नळी वळून चेपली आहे का बघा, तिच्यावरचं साल बघा. सुरक्षा नळीची पाच वर्षं भरली असतील तर बदला. रेग्युलेटरवर दाब दाखवणारं सुरक्षा उपकरण बसवलं असेल, तर गीझरच्या एकदम ओढीने ते गळती समजून गॅस तोडतं. ते पुन्हा दाबून सुरू करा.

पाइपचा गॅस आला आणि त्या दिवसापासून गीझर बिघडला, असं असेल तर उत्तर सरळ आहे. पाइपचा नैसर्गिक गॅस साधारण २१ मिलीबारवर येतो, त्याची उष्णताही एलपीजीपेक्षा कमी, आणि त्याला जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडांची, भोकं मोठी लागतात. एलपीजीचा गीझर त्यावर नीट चालणार नाही. जेटची भोकं घरी ड्रिलने मोठी करू नका, कंपनीच्या माणसाकडून जेटचा संच बदलून घ्या. काही मॉडेलना ती सोयच नसते.

गॅस ठीक असेल तर खालच्या निरीक्षण-खिडकीतून ठिणगी बघा. दिवा बंद करून बघितली की नीट दिसते. ती कांडीच्या टोकावरून बर्नरवर, निळसर आणि ठसठशीत पडली पाहिजे. कांडी आणि बर्नर यांच्यात साधारण ३ ते ५ मिलिमीटर अंतर असावं. ठिणगी मध्येच, चिनीमातीच्या दांड्यातून बाजूला उडत असेल तर दांडा तडकला आहे, कांडी बदला. कांडीवर काजळी असेल तर कोरड्या पॉलिश पेपरने पुसा.

ठिणगी उत्तम आणि तरीही ज्योत नाही, तर कान देऊन ‘टक’ ऐका. तो येत नसेल तर सोलेनॉइडची तार निघाली आहे किंवा सोलेनॉइड गेला आहे. टक येत असेल तर गॅस जेटपर्यंत येतो आणि पुढे अडतो आहे. उन्हाळा-पावसाळा गीझर बंद राहिला असेल तर ही शक्यता मोठी. कोळी बर्नरच्या नळ्यांत जाळी विणतात. कुंभारीण माशी तर त्या तोंडात चिखलाचं पक्कं घर बांधते, आणि वाळल्यावर ते मातीच्या गोळीसारखं कडक होतं. बर्नर उतरवून मऊ ब्रशने आणि फुंकणीने साफ करायचा असतो. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत पिवळी होते. हे काम नवख्याने मेकॅनिकवर सोडावं, कारण बर्नर परत बसवताना गॅसचा जोड पक्का होणं महत्त्वाचं आहे.

पेटतो आणि विझतो

दोन-तीन सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी कांडी बघा. तिच्यावर काजळी किंवा बुरशीसारखा थर असेल, किंवा ती वाकून ज्योतीबाहेर गेली असेल, तर डबीला ज्योत ‘दिसत’ नाही. पुसून पुन्हा ज्योतीत आणा. दमलेल्या सेलनेही हेच होतं. ठिणगी पाडायला वीज पुरते, सोलेनॉइड धरून ठेवायला पुरत नाही.

बरोबर वीस मिनिटांच्या आसपास विझत असेल तर तो बिघाड नव्हे. बऱ्याच गीझरमध्ये तेवढ्या वेळाने आपोआप बंद होण्याची सोय असते. नळ बंद करून पुन्हा सोडा.

पाणी खूप तापून विझत असेल, कढत वाफाळलेलं पाणी आल्यावर बंद पडत असेल, तर तापमानाची सुरक्षा काम करते आहे. हंगामाची खुंटी उन्हाळ्यावर आणा, पाण्याची धार वाढवा. तरीही होत असेल तर कॉइलमध्ये क्षार साचला आहे. ते मेकॅनिककडून धुऊन घ्या.

आणि ज्योत पिवळी, लांब, डोलणारी होऊन मग विझत असेल, किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरली असेल, तर लगेच बंद करा. त्या जागेत हवा पुरत नाही किंवा बर्नर तुंबला आहे. हीच ती वेळ, जेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. काही मॉडेलमध्ये प्राणवायू कमी झाला की गॅस तोडणारी सोय असते. ती वारंवार गीझर बंद करते म्हणून तिच्या तारा जोडून ती निकामी करून देणारे लोक भेटतात. असं कोणी सुचवलं तर त्याला परत पाठवा.

अशा गीझरजवळ कोणी चक्कर येऊन पडलं, तर आधी दार उघडा, गॅस तोडा, माणसाला मोकळ्या हवेत ओढत आणा आणि १०८ ला फोन करा. आत जाताना श्वास रोखून, झटकन आत-बाहेर.

इथे घरचा प्रयत्न थांबवा

पेटताना ‘भप्प’ असा भडका होत असेल. नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहत असेल. कव्हरच्या आतून गॅसचा वास येत असेल. कॉइलमधून पाणी बर्नरवर ठिबकत असेल. यांपैकी काहीही दिसलं तर रेग्युलेटर बंद करा, सेल काढून ठेवा आणि तो गीझर तपासून मिळेपर्यंत चालवू नका. नळ बंद असताना जळणारी ज्योत तर मिनिटभरही चालू देऊ नका, आतलं अडकलेलं पाणी उकळून कॉइल फुटतं.

मेकॅनिकला बोलावताना गीझरच्या बाजूच्या पाटीचा फोटो पाठवा. त्यावर मॉडेल, मिनिटाला किती लिटर, गॅस एलपीजी की पाइपचा, गॅसचा दाब आणि आयएस १५५५८ हे मानक छापलेलं असतं. सोबत बाटली भरायला किती सेकंद लागले ते कळवा, टिक-टिक आणि टक यांपैकी काय ऐकू येतं ते कळवा, आणि शेवटचे सेल कधी बदलले तेही. तो येईल तेव्हा पिनेच्या तोंडातून ठिबकणारं पाणी, काजळी धरलेला पत्रा, जे काही दिसलं असेल ते न पुसता तसंच ठेवा.